छपाईसमयी होणारा ब्राउझरस्तंभ : निदान, उपचार व पथ्य

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पडद्यावर सुखरूप अवतरावा, 'प्रिंट'वर टिचकी पडावी आणि त्याच क्षणी खिडकी पांढरीफटक होऊन ब्राउझरने हूं की चूं करू नये, या अवस्थेस प्रस्तुत विवेचनात 'ब्राउझरस्तंभ' ही संज्ञा योजली आहे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत आढळणारा हा विकार, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि दाखल्यांचे अर्ज ज्या दुकानांत एकाच टेबलावर उरकतात, अशा सावर्ड्यासारख्या महामार्गालगतच्या बाजारपेठेत विशेषतः पावसाळ्यात बळावतो.

निदान : लिनक्सवरील छपाईचा कारभार १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'कप्स' ही प्रणाली पाहते, तीत प्रत्येक प्रिंटरची 'रांग' म्हणजे नोंद असते, आणि छपाईची खिडकी उघडताना ब्राउझर या नोंदी मागवून कागदाचा आकार, रंग इत्यादींची चौकशी करतो. वीज जाऊन आली की राउटर वायफायवरील प्रिंटरला कधी कधी नवा पत्ता देतो, नोंद मात्र जुन्याच पत्त्यावर राहते आणि ब्राउझर तेथे उत्तरासाठी तिष्ठत बसतो. मयत खातेदाराचे नाव फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावरून हलत नाही, तद्वत हा प्रिंटरही कोणी खोडेपर्यंत यादीत हयात असतो. रिचर्ड स्टॉलमन यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या विचाराकडे वळवणाऱ्या प्रसंगांत एमआयटीतील एका अडेल प्रिंटरचाही वाटा होता. त्या परंपरेतील लिनक्सने आजही प्रिंटरपाशीच अडखळावे, यास दोष न म्हणता परंपरानिष्ठा म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

उपचार :

१. प्रथम थोडा धीर धरावा. टिचक्यांचा भडिमार करू नये, कारण शुद्धीवर आलेला ब्राउझर त्या साऱ्यांचा हिशेब एकदम चुकता करू शकतो.

२. उतारा पीडीएफ म्हणून उतरवून दुसऱ्या प्रोग्राममधून छापून पाहावा. तोही गोठल्यास ब्राउझर निर्दोष असून दुखणे बहुधा कप्सच्या यादीत आहे, असे मानावे. या टप्प्यावर मागे ताटकळणारी मंडळी 'विंडोज टाका' असे सुचवतात. ते धर्मांतर आहे, औषध नव्हे.

३. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडून 'एलपीस्टॅट -व्ही' ही आज्ञा दिली असता प्रत्येक नोंदीचा पत्ता दिसतो; त्यानंतर ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' हे पान उघडून, प्रत्यक्ष टेबलावर असलेला प्रिंटर योग्य पत्त्यासह ठेवून बाकीच्या नोंदी खोडाव्यात आणि कप्स पुन्हा सुरू करावे.

४. खोडलेल्या नोंदी पुन्हा उगवत असल्यास, जाळ्यावरील प्रिंटर आपणहून यादीत आणणारी 'कप्स-ब्राउज्ड' ही सेवा बंद करावी.

पथ्य : राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा, अथवा सरळ यूएसबी केबल जोडावी. एवढे करूनही छपाई अडल्यास आणि प्रिंटरच्या पोटातून चुरगळलेला कागद निघाल्यास विकार सादळलेल्या कागदाचा समजावा. कोकणातील जुलै महिना पाहता तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.