पाऊणपट

भरतीची वेळ आमच्या घरी आईला विचारायची. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, झालं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून ही तिथीची पाऊणपट. आणि तिथून सहा तास मागेपुढे केले की ओहोटी. शुद्ध पक्ष असो नाहीतर वद्य, हिशेब तोच. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण एवढं अवाढव्य पाणी चंद्राच्या मागे धावतंय म्हटल्यावर तेवढी सूट द्यायला आपली हरकत नसावी.

लग्नाआधी मला वाटायचं, समुद्राचा हिशेब ज्याला जमला त्याला बाकीचे किरकोळ हिशेब जमतातच. मग थोरला झाला. तो आता सहा वर्षांचा आहे आणि धाकटी साडेतीन. ही दोघं कुठल्याही तिथीला, कुठल्याही प्रहरी भरतीलाच असतात. ओहोटी लागते ती रात्री साडेदहाला, आणि तीसुद्धा एकदम, तोंडात घास असताना. तो घास गिळला की नाही हे बोट घालून बघणं हे माझं दिवसातलं शेवटचं काम.

बायको नर्स आहे. तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे पुष्कळशा सकाळी माझ्या वाट्याला येतात. मुलांची शाळा अलिबागला, आणि आमच्या नागावहून अलिबाग काही लांब नाही. नाक्यावर उभं राहिलं की मिनीडोर मिळते. अवघड आहे ते ओटीवरून नाक्यापर्यंत पोचणं. थोरल्याचा एक मोजा नेहमी बेपत्ता असतो आणि तो सापडतो तेव्हा त्यात वाळू असते. धाकटीला चपला स्वतःच घालायच्या असतात. ती डावी उजव्यात घालते आणि मग खाली बघून म्हणते, "बाबा, त्या भांडल्यात. एकमेकींकडे बघतच नाहीत." त्यांचं भांडण मिटवून, डबा-बाटली खांद्याला अडकवून, बेड्याची काठी सरकवून आपण रस्त्यावर पाऊल ठेवणार, एवढ्यात मागून आवाज येतो, "बाबा, शू."

पाच मिनिटांपूर्वी विचारलेलं असतं. तेव्हा नसते. मोरीच्या दारात उभं करून विचारलं तरी नसते. ती बेड्यापाशीच लागते. या गोष्टीला पाऊणपटीचा नियम लागू होत नाही, हे मी साडेतीन वर्षांच्या निरीक्षणातून सांगतो.

मागच्या थंडीतली एक रात्र. बायको रात्रपाळीला. दीडच्या सुमारास मला जाग आली ती आवाजाने. खट्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा खट्, खर्र, खट्. वाडीत राहणाऱ्याला आवाजांची सवय असते. नारळ पडतो, झावळी कौलांवर घासते, मांजर पन्हळीवरून चालतं. हा आवाज मात्र घरातला होता, आणि जमिनीलगतचा. उंदीर असा थांबून थांबून चालत नाही. चोराला खोलीभर पोचायला इतका वेळ लागत नाही. मी मोबाईलचा उजेड पाडला. माजघराच्या लादीवरून एक शंख चालला होता.

झोपेत असलेल्या माणसाला चालता शंख बघून काय वाटतं ते लिहिणार नाही. शंख थांबला. उजेड हलवला नाही तेव्हा त्याच्या तोंडातून आधी दोन मिशा आल्या, मग देठावरचे दोन डोळे, मग एक लालसर नांगी. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्यापासून फारसं भय नाही असं ठरवलं आणि शंख पाठीवर ओढत मोरीच्या दिशेने निघाला. खट्, खर्र. त्याच्या मागे लादीवर ओल्या वाळूची बारीक रेघ होती. ती उलट्या दिशेने बघत गेलो तर थोरल्याच्या अर्ध्या चड्डीपाशी पोचलो. खिसा अजून ओला होता. आत अकरा शिंपल्या, एक काचेचा गुळगुळीत तुकडा आणि अर्धी चिक्की.

एव्हाना थोरला उठून बसला होता. "तो पाणी शोधतोय," तो म्हणाला. आवाजात आश्चर्य नव्हतं. म्हणजे याला ठाऊक होतं.

"तू आणलास?"

"मी शंख आणला. तो आत होता."

कायद्याच्या दृष्टीने हा बचाव चांगला होता. रात्री दीड वाजता आईने उठून मिठाचं पाणी केलं, तांब्याच्या ताम्हनात नको, स्टीलच्या परातीत ठेव म्हणाली, आणि परत जाऊन झोपली. मी परातीवर चाळण उपडी घातली. मग त्या खेकड्याची माहिती सांगणं भाग पडलं, कारण प्रश्न संपेनात. हा शंख त्याचा नाही. गोगलगायीसारखा एक प्राणी मरून गेला, त्याचं रिकामं घर याने घेतलं. याचं पोट मऊ असतं, म्हणून कुणाच्या तरी घरात शिरून राहावं लागतं. मोठा झाला की ते घर सोडून दुसरं, मोठं बघायचं.

"म्हणजे भाड्याने राहतो?"

"भाडं देत नाही."

"मग मालक ओरडत नाही?"

"मालक मेला."

थोरल्याला हे पटलं. धाकटी झोपेतच म्हणाली, "मलाही बघू," आणि कूस बदलली. सकाळी शाळेआधी आम्ही परात घेऊन किनाऱ्यावर गेलो. खेकडा सोडला. मिनीडोर चुकली. बाईंना उशिराचं कारण मी खरं सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरून, याहून बरं काही जुळवता आलं असतं असं त्यांचं मत दिसलं.

आईला त्या रात्री मी उठवलंच नव्हतं, हे जाता जाता सांगायला हवं. ती आपणच उठली. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडतील, म्हणून हे काम 1904 साली आमच्याकडे हलवलं. पृथ्वीच्या चुंबकत्वात झालेला बारीकसा फरकही तिथे टिपला जातो; सूर्यावर मोठं वादळ झालं की त्याची नोंद अलिबागेत उमटते. लोखंडाने यंत्रं बहकू नयेत म्हणून इमारतीच लोखंड टाळून बांधलेल्या. आमच्या आईची रचना त्याच धर्तीची आहे. पडवीत झोपलेली असताना स्वयंपाकघरात लाडवांच्या डब्याचं झाकण अर्धा फेरा फिरलं की ती डोळे न उघडता म्हणते, "एकच हं." किती जण डब्यापाशी आहेत हेही तिला कळतं, कारण मी असलो तर ती "दोघांनी एकेकच" म्हणते.

जिल्ह्याचं नाव 1981 साली कुलाब्याचं रायगड झालं. आई अजून कुलाबा जिल्हाच म्हणते. त्यामुळे थोरल्याच्या हिशेबी कुलाबे तीन: एक मुंबईत, एक समुद्रातला किल्ला आणि एक आजीचा.

मुंबईवरून आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मांडव्याहून बोटीने मावशीकडे गेलो होतो. बोटीत काय झालं ते सोडा. दोन्ही पोरांनी कुरमुऱ्यांची पुडी समुद्रपक्ष्यांना घातली आणि मग स्वतःला भूक लागली म्हणून भोकाड पसरलं, एवढंच. मावशीच्या सोसायटीत लिफ्टपाशी थोरला सगळी बटणं एकामागून एक दाबत होता. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "काय रे, अलिबागवरून आलायस का?" थोरल्याचा चेहरा उजळला. "हो! तुम्हाला कसं कळलं?"

त्या वाक्यावर बंदी आणा म्हणून कुणीतरी थेट उच्च न्यायालयात गेलं होतं. 2019 साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली; विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नये, असा एकूण सूर होता. आमचा थोरला त्या दिवशी न्यायालयाच्या दोन पावलं पुढे होता. गृहस्थांना त्याने आमच्या घरापर्यंतचा रस्ता सांगितला आणि यायचं आमंत्रणही दिलं. येताना भरतीची वेळ बघून या म्हणाला.

आता किल्ल्याची गोष्ट. आईला संकष्टीला कुलाबा किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं होतं. किल्ला समुद्रात, पण ओहोटीला चालत जाता येतं. चतुर्थी, म्हणजे चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. भरती दुपारी तीनला, म्हणजे सुकती सकाळी नऊला. उधाण होऊन गेल्याला चार दिवस झालेले. अष्टमीच्या भांगाला पाणी धड ओसरतही नाही, तसं चतुर्थीचं नसतं. आठला निघायचं, नऊला किल्ल्यात, साडेदहाला परत वाळूवर. मी कागदावर लिहून काढलं होतं. बायकोला त्या दिवशी सुट्टी होती. तिने कागद वाचला आणि काही न बोलता परत दिला.

नऊला आम्ही बेड्यापाशी होतो. (शू.) दहाला अलिबागच्या किनाऱ्यावर. आईला घोडागाडीत बसवलं, थोरला तिच्याबरोबर चढला कारण घोडा. धाकटीला चालायचंच होतं. तिच्या पायात नव्या गुलाबी चपला होत्या, टाच टेकली की चूं वाजणाऱ्या. ओल्या वाळूत ती प्रत्येक डबक्यापाशी थांबली आणि त्यात चूं करून बघितलं. चूंचा आवाज पाण्यात बदलतो हा शोध तिला तिसऱ्या डबक्यात लागला. त्यानंतर तिने खात्री करून घ्यायला आणखी सतरा डबकी तपासली.

या किल्ल्यावर 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले होते. कान्होजी आंग्र्यांचा काळ. मोठी फौज, लढाऊ जहाजं, सगळा थाट, आणि हात हलवत परत गेले. हे मी थोरल्याला तटाखाली उभं राहून रंगवून सांगत होतो. त्याने विचारलं, "त्यांनी ओहोटी नव्हती बघितली?" त्याचं इतिहासाचं आकलन आजीच्या शाळेतलं आहे.

राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं ते देऊळ फार देखणं आहे. समोर पुष्करणी, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर. आईने डोळे मिटून हात जोडले. धाकटीनेही मिटले आणि मोठ्याने मागणं मागितलं: खेकडा परत येऊ दे. मग तटावरच्या तोफेवर दोघांना बसायचं होतं. मग उतरायचं नव्हतं. इंग्रज-पोर्तुगिजांना जो किल्ला घेता आला नाही तो माझ्या दोन पोरांनी अर्ध्या तासात घेतला आणि सोडायला नकार दिला. बायको खाली उभी राहून मोबाईलवर वेळ बघत होती. माझा कागद आता तिच्या हातात होता.

पावणेबाराला गाडीवाला दरवाज्यात आला. "साहेब, पानी लागलं. चला बिगीन."

परतताना आईला आणि थोरल्याला गाडीने पुढे काढलं. आम्ही तिघं चालत. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. खोल नव्हतं पण ओढ होती, आणि खालची वाळू पायाखालून सरकत होती. मी धाकटीला खांद्यावर घेतलं. ती तिथून आनंदाने पाय हलवत होती आणि त्यातच उजवी चप्पल निसटली. गढूळ पाण्यात गुलाबी काहीतरी एकदा उलटं झालं, वर आलं, आणि गेलं. बायको वाकून चाचपडली, हाती वाळू आली.

मला वाटलं आता रडं सुरू होणार. धाकटी गप्प होती. काठाला लागेपर्यंत गप्प. तिथे आजीने विचारलं, "चप्पल कुठंय गं?" तर म्हणाली, "समुद्राला दिली."

"असू दे," आई म्हणाली, "समुद्र कुणाचं ठेवून घेत नाही."

हे आईने बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून नागावच्या किनाऱ्यावर चपलेचा शोध सुरू झाला. किनाऱ्यावर काय काय येतं हे मी चाळीस वर्षं तिथे राहून बघितलं नव्हतं: नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, थर्माकोल, नारळ, बाटल्या, देवाचे हार, एक बिनपायाचं टेबल. चपलाही येतात, पुष्कळ येतात, पण सगळ्या मोठ्या माणसांच्या आणि बहुतेक डाव्या. धाकटी प्रत्येक उलटी करून बघायची, टाच दाबायची, चूं वाजत नाही म्हणून ठेवून द्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात आली ती उरलेली डावी चप्पल हातात घेऊन. तिला सगळा उलगडा झाला होता. चप्पल येत नाही, कारण आपला खेकडा तिच्यात राहायला गेलाय. शंख त्याला लहान झाला होता, बाबाच म्हणाले होते. आता तो चालतो तेव्हा चूं वाजतं.

थोरल्याने दप्तरातून मान वर करून यावर विचार केला आणि शक्य आहे म्हणाला.

"पण त्याची आई कुठे राहणार?" धाकटीने विचारलं. तिने दुसरी चप्पल पुढे धरली. ही पोचवायची होती. आजच.

समुद्रात काही टाकायचं नसतं, हे मी सांगून पाहिलं. बायको म्हणाली, "जा ना घेऊन, किनाऱ्यावर तिची समजूत काढ." म्हणजे समजूत काढायचं काम माझं. आईने पडवीतून, डोळे न उघडता, सांगितलं, "सप्तमी आज."

सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. पाणी वर येईल तेव्हा काठावर उभं राहूनच खेकड्याला हाक मारता येईल, असं थोरल्याचं म्हणणं पडलं. मीही कपडे बदलले. साडेचारला चप्पल पिशवीत, पिशवी थोरल्याच्या गळ्यात, धाकटी माझ्या बोटाला. पावणेपाचला बेड्याची काठी सरकवली, रस्त्यावर पाऊल ठेवलं.

"बाबा," मागून आवाज आला.