मोटारीस मेण कोणते लावावे: एक मार्गदर्शिका

मोटार विकत घेताना मनुष्य बँकेचा सल्ला घेतो, मेहुण्याचा घेतो, प्रसंगी मुहूर्तही पाहतो. परंतु त्याच मोटारीच्या अंगावर जे मेण चढवावयाचे त्याच्या बाबतीत मात्र दुकानाच्या फळीवर जो डबा सर्वांत भपकेबाज दिसेल त्याच्या गळ्यात माळ घालून तो मोकळा होतो. ही बेबंदशाही यापुढे चालू राहू नये आणि वाहनमालकांस लेपनाच्या कामी काही एक शिस्त लागावी, एवढ्याच लोकहिताच्या हेतूने पुढील कलमे जाहीर करण्यात येत आहेत. ती अमलात आणताना कोणाचे नुकसान झाल्यास त्याने ते आपल्या जबाबदारीवर होऊ द्यावे.

कलम १. मालमत्तेची मोजदाद

कोणत्याही मुलखाचा बंदोबस्त करण्यापूर्वी त्याची मोजणी व्हावी लागते. हल्लीच्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक लेप, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर, ज्यास कारागीर ‘क्लिअर’ म्हणतात तो पारदर्शक थर, अशी उतरंड असते. या सगळ्यांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यांपैकी वरच्या पारदर्शक थराच्या वाट्यास ४० ते ५० मायक्रॉन येतात. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो हे ध्यानी घेतले, म्हणजे ज्या तकतकीवर एखाद्या कुटुंबाची सोसायटीतील पत अवलंबून आहे ती केसाहूनही पातळ पायावर उभी आहे, हे उघड होते. तिच्या रक्षणार्थ तैनात होणारे मेण तर एका मायक्रॉनच्या काही अंशांतच आटोपते. अशा शिपायाने रिक्षाचा धक्का अडवावा, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. त्याचे काम एवढेच, की पहिला मारा स्वतःच्या अंगावर घ्यावा, झिजावे, आणि जागा रिकामी करावी.

येथेच पॉलिश आणि मेण यांतील भेद स्पष्ट करणे प्राप्त आहे. कारण दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकाच आकाराच्या डब्यांत नांदतात. पॉलिशमध्ये, आणि त्याचा थोरला बंधू जे रबिंग कंपाउंड त्यात तर विशेषच, घासणारे सूक्ष्म कण असतात; ते ओरखड्याच्या आजूबाजूचा थर कापून पृष्ठभाग समतल करतात आणि म्हणून चकाकी येते. सारांश, पॉलिश वसुली करते आणि मेण अनुदान देते. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडर यांच्या जमान्यात रंग आणि चकाकी बहुधा एकाच थरात असत, आणि दर रविवारी मोठ्या निष्ठेने घासणारे मालक फडक्यावर उतरलेला निळा रंग पाहून ‘बघा, किती मळ निघाला’ म्हणून समाधान पावत. वस्तुतः आपली मोटार आपण हप्त्याहप्त्याने फडक्यावर उतरवून घेत आहोत, ही गोष्ट त्यांच्या लक्षात पत्रा दिसू लागल्यावर येई.

कलम २. शत्रुपक्षाची कैफियत

शत्रू मुलखागणिक निराळा असतो, सबब मेणही मुलूख पाहून निवडावे. मुंबई आणि कोकणपट्टीत खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा अंमल. पुण्यात झाडांचा चीक, बांधकामांची धूळ आणि बोअरच्या जड पाण्याचे वाळलेले पांढरे ठिपके. विदर्भात पारा ४५ अंश सेल्सिअस ओलांडतो तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीचे बॉनेट ७० अंशांपर्यंतही तापते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, तेव्हा नागपुरास एकट्या त्याच्या भरवशावर मोटार सोपवणे म्हणजे शत्रू दिसताच पळ काढणाऱ्यास किल्लेदार नेमणे होय. कबुतर मात्र सर्व जिल्ह्यांत सारखेच. त्याच्या विष्ठेतील आम्ल, उन्हाने तापून नरम पडलेल्या पारदर्शक थरात उतरून कायमचा डाग पाडते; आणि मेण लावल्याने कबुतर लाजते, असे आजवर दिसून आलेले नाही. मेणामुळे फक्त धुण्यास थोडी सवलत मिळते. ती दुपारपर्यंत वापरली नाही तर रद्द समजावी.

कलम ३. उमेदवारांची जबानी

(अ) कार्नौबा. हा घराण्याचा उमेदवार. ब्राझीलच्या ईशान्येस, सिआरा, पिआउई इत्यादी प्रांतांत एक ताडवर्गीय वृक्ष होतो. कोरड्या ऋतूत आपल्या पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर धरतो. मनुष्य ती पाने तोडतो, वाळवतो, झोडपतो, झडलेली भुकटी वितळवून गाळतो, आणि झाडाने जे पाणी आत राखण्यासाठी केले होते ते पाणी बाहेर राखण्यासाठी मोटारीस फासतो. हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळते आणि नैसर्गिक मेणांत सर्वांत कठीण गणले जाते. औषधाच्या गोळ्या आणि मुलांच्या रंगीत गोड गोळ्या यांवरील चकाकीही पुष्कळदा त्याचीच असते, खाद्यपदार्थांच्या दप्तरी त्याची नोंद ई ९०३ अशी आहे. त्यामुळे पिता जो डबा कुलपात ठेवतो त्यातील मुख्य ऐवज पुत्राने दोन रुपयांत खाल्लेला असण्याचा संभव नाकारता येत नाही. गडद रंगाच्या मोटारीस कार्नौबाने जे खोल तेज चढते ते खरोखरच देखणे असते. मुदत मात्र थोडी: महिना-दीड महिना, आणि आषाढात त्याहूनही कमी.

(आ) कृत्रिम सीलंट. हा नोकरदार उमेदवार. कारखान्यात जन्मलेली बहुवारिके आणि सिलिकोन यांचा हा लेप दिसण्यात किंचित रुक्ष, परंतु चार-सहा महिने निमूटपणे हजेरी लावणारा. पांढऱ्या आणि चंदेरी मोटारींस, जेथे तेजाची खोली कोणासही दिसत नाही, तेथे याची शिफारस निःसंकोच करावी.

(इ) टेफ्लॉन. याच्या नावाचा दरारा स्वयंपाकघरातून आलेला आहे. हा पदार्थ १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती अकस्मात लागला. कशासही चिकटू नये हाच त्याचा धर्म. तव्यावर त्यास बसवावयाचे तर कारखान्याच्या भट्टीत प्रखर उष्णता द्यावी लागते, कारण त्याचा वितळबिंदूच सुमारे ३२७ अंश आहे. मोटारीस त्या तपमानावर नेल्यास लेप टिकेल, परंतु मोटार राहणार नाही. म्हणून जो कशालाच चिकटत नाही तो आपल्याच बॉनेटला काय म्हणून चिकटेल, एवढा एक प्रश्न विक्रेत्यास विनयाने विचारावा आणि उत्तराची वाट पाहू नये.

(ई) सिरॅमिक. हा नवश्रीमंत. वाळूत असते तेच सिलिकॉन डायऑक्साइड येथे द्रवरूपाने येऊन थरावर घट्ट बसते आणि चांगले काम असल्यास वर्ष-दोन वर्षे टिकते, हे खरे. मात्र याची ‘९ एच’ ही पदवी ऐकून गिऱ्हाईक कठीणपणाच्या मोजपट्टीवरील हिऱ्याच्या दहा या अंकाशी मनातल्या मनात सोयरीक जुळवते, तेथे सावध असावे. हा अंक पेन्सिलीच्या कसोटीचा आहे: अत्यंत कठीण शिशाच्या पेन्सिलीनेही ओरखडा उमटला नाही, एवढाच त्याचा दाखला. सबब सोसायटीतील मुले जोपर्यंत पेन्सिल घेऊन येतात आणि खिळा घरी ठेवतात, तोपर्यंत हे कवच अभेद्य समजावे. शिवाय लेपनापूर्वी जे ओरखडे काढून टाकले नसतील ते त्या कवचाखाली दोन वर्षे नजरकैदेत राहतात आणि काचेखाली ठेवल्याप्रमाणे सर्वांस दिसतात.

कलम ४. डब्यावरील मजकुराची रुजुवात

‘शंभर टक्के कार्नौबा’ या शब्दांचा अर्थ डबा शंभर टक्के कार्नौबाने भरला आहे असा घेऊ नये. तसा तो भरला असता तर छिन्नी-हातोडीखेरीज रिकामा झाला नसता. आत जे काही थोडे मेण आहे ते कार्नौबा आहे, बाकी तेले आणि द्रावके आहेत, एवढाच त्याचा भावार्थ. ‘कायमस्वरूपी’ या शब्दाची मुदत पुढील डबा विकत घेईपर्यंत असते. पाण्याचे टपोरे मणी दाखवणारे चित्र पाहून हुरळू नये. शेजाऱ्यांस बोलावून बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतण्याचा विधी मनोवेधक असला, तरी बोअरचे पाणी वापरणाऱ्याच्या मोटारीवर प्रत्येक मणी उन्हात वाळून क्षारांचा एकेक शिक्का मागे ठेवतो.

कलम ५. लेपनविधी

मोटार धुऊन, पुसून, सावलीत थंड होऊ द्यावी. मेण जितके पातळ लागेल तितके लावावे. जाड थर दिल्याने संरक्षण वाढत नाही, फडके मात्र लवकर भरते. काळ्या प्लॅस्टिकच्या बंपरावर ते लागू देऊ नये, तेथे उरलेला पांढरा डाग दीर्घकाळ साक्ष देतो. नव्याने रंगवलेल्या मोटारीस, आतील द्रावके उडून जाईपर्यंत, काही आठवडे हात लावू नये. आणि मॅट रंगाच्या मोटारीस कधीच नाही, कारण चकाकू नये म्हणून ज्याने जादा पैसे मोजले त्यास चकाकवणे हा त्याचा उपमर्द होय. पावसाळ्याकरिता सीलंट मे महिन्यात चढवावे. कार्नौबाची हौस दसऱ्यापूर्वी भागवावी. बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक रेखले जाण्यापूर्वी मेणाचा थर असला, तर दुसऱ्या दिवशी देवाची खूण देवाकडे परत पाठवणे सोपे जाते.

कलम ६. अनुल्लेखित पक्षकार

येथवरच्या सर्व कलमांत एका इसमाची जबानी घेतलेली नाही, आणि मेणाच्या डब्यावरही ती नसते. तो म्हणजे पहाटे साडेपाचला येऊन, साहेबलोक कचेरीस निघण्यापूर्वी वीस-पंचवीस मोटारी एक बादली आणि एका फडक्याच्या बळावर पुसून काढणारा माणूस. पहिल्या मोटारीवरील धूळ तो त्याच फडक्याने शेवटच्या मोटारीपर्यंत समन्यायाने वाटतो. ऐन उन्हात रंगावर दिसणारी ओरखड्यांची वर्तुळाकार जाळी, जिला मालक रंगाचा दोष समजून आणखी महाग मेण आणतो, ती बहुतांशी या धुळीचीच कामगिरी होय. यात त्या माणसाचा अपराध शोधू नये. ब्राझीलहून मेण मागवणाऱ्याने त्यास पुसावयास दिलेली वस्तू म्हणजे स्वतःचा फाटका बनियन असतो, आणि “साहेब, आणखी एक बादली मिळंल का?” ही त्याची मागणी सोसायटीच्या कमिटीने पुढील वार्षिक सभेच्या विचारार्थ राखून ठेवलेली असते.

कलम ७. हुकूम

सबब, उपरिनिर्दिष्ट सर्व उमेदवारांची छाननी करून असा निवाडा देण्यात येतो की, रोज वापरावयाच्या मोटारीस मध्यम किमतीचे कोणतेही बरे सीलंट पुरे आहे. सर्वांत महाग डबा न घेतल्याने जी रक्कम वाचेल तिच्यातून प्रथम दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या आणि एक निव्वळ पाण्याच्या नावे. नंतर अर्धा डझन मायक्रोफायबरची फडकी. आणि बाकी सर्व रक्कम पुसणाऱ्याच्या दरमहा पगारात घालून, धूळ असेल तेव्हा कोरडे फडके फिरवू नये आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवावे, असा करार त्याच्याशी करावा. तो खुशीने मान्य करील. त्याची मोटार नसल्यामुळे तिच्याविषयीचे त्याचे मत निःपक्षपाती असते. ज्या मालकांस ही वाटणी नामंजूर असेल त्यांनी या हुकमावर रीतसर अपील करावे. अपिलाची मुदत पहिल्या पावसापर्यंत आहे. त्यानंतर मेण उरत नाही, आणि म्हणून तंट्याचा विषयही उरत नाही.