लग्नाचा अनुशेष

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीकर दोन प्रकारे म्हणतो. पाहुण्यासमोर छाती फुगवून, आणि रस्त्यातल्या खड्ड्यात कंबर मोडून घेतल्यावर दात-ओठ खात. पुरावा मात्र कुणाकडेच नव्हता. तो अखेर सरकारने दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या दरम्यान, २० ते २४ वर्षांच्या बायकांना लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारलं गेलं. अठरा पूर्ण व्हायच्या आत बोहल्यावर चढलेल्या निघाल्या देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९, गोव्यात ५.८ आणि परभणीत ४८. राज्यात पहिला नंबर! बीडला ४३.७ वर समाधान मानावं लागलं. सत्कार कुणी केला नाही, ही आपल्या जिल्ह्याची जुनीच उपेक्षा.

जिथे लग्नं इतक्या घाईने उरकतात तिथे बिनलग्नाचा कोण राहणार, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल. त्याने वालूरला यावं. सेलू तालुक्यातलं हे गाव चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी नावाजलेलं आहे. लोक येतात, वरून फोटो काढतात, जातात. त्यांनी जाता जाता पाराकडेही बघावं. वालूरच्याच असं नाही, त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावच्या. पस्तिशीची पोरं मोबाईलवर एकमेकांचे बायोडाटे बघत बसलेली असतात. बायोडाट्यात वय २९, आणि ते चार वर्षांपासून २९ च आहे. ‘शेती : ८ एकर बागायत’ यातलं पाणी फक्त बायोडाट्यातच लागलेलं. ‘नोकरी : पुणे, खासगी कंपनी’ म्हणजे दिवाळीपर्यंत होती. मुलीकडच्यांची अट सगळ्यांना तोंडपाठ आहे: शेती पाहिजे, पण शेती करणारा नको.

सोळाची नवरी आणि छत्तीसचा बिनलग्नाचा, दोघं एकाच शिवारात. सरासरी काढा, सव्वीस येते. इतकं आदर्श वय स्वीडनलाही जमणार नाही. सरासरी काढली की मराठवाडा नेहमीच सुखी दिसतो.

म्हणून माझी मागणी आहे की लग्नाचा अनुशेष काढा. आपल्याला त्याचा सराव आहे. १९८३ ला दांडेकर समिती बसली, तिने रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने सगळ्यांचा अनुशेष मोजला. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. २०१३ ला केळकर समितीचा अहवाल आला. मग ३० एप्रिल २०२० ला मंडळांचीच मुदत संपली, आणि आता मंडळांचाही अनुशेष आहे. यात लग्नाचा एक रकाना वाढला तर कुणाच्या बापाचं काय जातं? सोलापूरच्या पोरांनी तर डिसेंबर २०२२ मध्ये बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर वरातच नेली होती. वरात पोचली, ‘आम्हाला बायको मिळवून द्या’ असं निवेदन दिलं, घोडे परत.

त्यांची दुसरी मागणी होती गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा नीट राबवायची, आणि ती जास्त शहाणपणाची होती. असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. त्यानंतर शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली किती राहिल्या बघा: १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. परभणीत ८८४, शेजारच्या बीडमध्ये ८०७. पारावरचा आजचा पस्तिशीचा जन्मला तो ९४६ च्या स्वस्ताईत. त्याचं अडलंय ते पावसामुळे, कापसाच्या भावामुळे, नोकरीमुळे. ८८४ वाली पोरं आत्ता कुठे विशीला टेकताहेत. त्यांच्या डोक्यावर पाऊसही येणार, भावही येणार आणि वजाबाकीही. पाराला आत्ताच वाढीव बांधकाम मंजूर करून घ्यावं.

आता पोरी इतक्या कमी, तर त्यांचा भाव वधारायला हवा आणि त्या निवांत शिकायला हव्यात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तसंच होतं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने ऊस तोडलेला नसतो. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला विचारतो कोण? बाकीचे लोक बायकोला अर्धांगिनी म्हणत असतील, इथे लग्न न झालेला गडीच अर्धा असतो. आणि वयात आलेली पोर मागे खोपटात ठेवून आई-बापाने फडावर जायचं तर जिवाला घोर. त्यापेक्षा उजवून टाकलेली बरी. त्यात ‘हुंडा नको, खर्च आमचा’ म्हणणारं वयस्क स्थळ आलं की प्रश्नच मिटला. पत्रिका छापत नाहीत, कारण छापली की पुरावा होतो. मंडपवाला दाखला मागतो, म्हणून मंडपही नाही. साखरपुड्याला म्हणून पंचवीस माणसं बोलवायची आणि साखरपुड्यातच लग्न उरकायचं.

इकडे आपली संस्कृती शाबूत आहे म्हणतात ती खरीच. जर्मनीत बघा. भिंत पडून तीन तपं उलटली, तरी पूर्व भागातली निम्म्याच्या आसपास पोरं लग्न न केलेल्या आई-बापांच्या पोटी जन्मतात. पश्चिमेत तिनातलं एक. आपल्याकडे असलं काही नाही. प्रत्येक पोराचे आई-बाप रीतसर विवाहित, अक्षता पडलेले. फक्त दिवाळी झाली की दोघंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्याकडे जातात आणि उन्हाळा लागल्यावर येतात. तोवर घरात आजी, नातवंडं, आणि भिंतीवर आई-बापांच्या लग्नाचा फोटो. जर्मनीतली ती बिनलग्नाची माणसं, ऐकतो, पोरांना रोज शाळेत सोडायला जातात.

असो. माझी समिती नेमली गेलीच तर ती विहित नमुन्यात गावागावांतून माहिती मागवेल. माहिती भरणार ग्रामसेवक. कायद्याने तोच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, विवाह नोंदणीही त्याच्याकडेच, आणि साखरपुड्याचं आमंत्रण पहिलं त्यालाच. तो लिहील: बालविवाह निरंक. तीस वर्षांवरील अविवाहित, रकाना लागू नाही. पालकांविना राहणारी मुले निरंक, कारण पालक विवाहित असून हयात आहेत. सर्वेक्षणातले ४८ टक्के सरकारी, हे निरंकही सरकारी. मंत्रालय जवळचा कागद धरेल. मग शेरा पडेल की परभणीत अनुशेष आढळून येत नाही. उलट २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत, म्हणजे नवऱ्यांचा तुटवडा उघड दिसतो. ते नवरे मुंबईला कामाला आहेत ही बाब नमुन्यात बसत नाही. सबब, परभणीसाठी राखून ठेवलेला निधी कोकणाकडे वळवण्यात यावा.