नदीच्या पात्रातील विकास

तापी व गोमाईच्या संगमावरील प्रकाशा येथे बी. के. थापर यांनी 1955 मध्ये उत्खनन केले, तेव्हा पांढरीच्या टेकाडात, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या उंचवट्यात, ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्त्यांचे थर एकावर एक आढळले. प्रत्येक पिढी आधीच्या पडझडीवर घर बांधत राहिल्याने गाव आपोआप उंचावत गेले. नगररचना विभाग नसल्यामुळे नाल्यात मुरूम ओतून ‘रिव्हर व्ह्यू’ विकण्याची प्रगत कल्पना त्या बिचाऱ्यांना सुचली नाही.

ही उणीव खालच्या अंगाला सुरतेने भरून काढली. 1968 च्या पुरात तापीतून सुमारे 15 लाख क्युसेक पाणी वाहिले (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट), तर ऑगस्ट 2006 मध्ये वरच्या उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेक सोडले गेले. तरीही सुरतेतील होप पुलापाशी पातळी आधीपेक्षा कमी भरली नाही आणि बहुतेक शहर बुडाले. थोडक्या पाण्यात तेवढाच पूर आणण्याची ही काटकसर भराव, बांधकामे आणि गाळाने आकसलेले पात्र यांच्यावाचून साधली नसती. उकाई 1972 मध्ये पूर्ण झाल्यावर शहर निर्धास्त होऊन नदीकडे सरकले. धरण मात्र पुरासाठी रिकामे आणि सिंचन-विजेसाठी भरलेले, असे एकाच वेळी दोन्ही असावे लागते, आणि ही किमया अद्याप कोणत्याही अभियंत्याला साधलेली नाही.

महाराष्ट्रात यावर कागदी उपाय आहे. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात नियंत्रित. बिल्डरांच्या लेखी मात्र पूररेषा ही फेरसर्वेक्षणाने नदीकडे ढकलता येणारी वस्तू आहे, आणि पावसाकडून अद्याप हरकत नोंदवली गेलेली नाही.

दरम्यान तापीवरील हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडतात, सारंगखेडा व प्रकाशा बॅरेज पाणी पुढे सोडतात, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा मिळतो आणि शेतकरी गुरे व पाणी उपसण्याच्या मोटारी वर नेतो. त्याचा मुलगा मजुरीसाठी सुरतेच्या सखल वस्तीत राहतो. तेच पाणी, उकाईत मुक्काम करून, त्याच्याकडे पोहोचते, आणि तेथे सतर्क राहून वर जायला टेकाड नसते, भाडे न परवडणारे मजले असतात.