किओज्जात आत्या

मुंबईतल्या आमच्या यारी रोडच्या सोसायटीत इटली न पाहिलेलं बिऱ्हाड आता दिवा घेऊन शोधावं लागेल. रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस हा चौरस आहार सगळ्यांचा झालेला आहे. पिसाचा कलता मनोरा तळहाताने तोलून धरल्याचा फोटो घरटी एक. इतके हात लागलेले पाहून तो मनोरा आमच्या मेंटेनन्समधूनच उभा असावा, असा माझा समज होत चालला होता. म्हणून आमचं जायचं ठरलं तेव्हा मी जाहीर केलं, की आपण गर्दीत जायचं नाही, ऑफबीट जायचं. यारी रोडवर हा शब्द फार चालतो. इथे सिनेमाही ऑफबीट असतो आणि तो मिळेपर्यंतचे दिवसही.

गर्दी नसलेली गावं शोधायची म्हणजे इंटरनेटवर जायचं. तिथे ‘कुणालाच ठाऊक नसलेली गावं’ अशा नावाच्या याद्या असतात आणि त्या साऱ्या जगाने वाचलेल्या असतात. पहिलंच गाव निघालं चिविता दी बान्योरेज्जो. टेकडीच्या टोकावर बसलेलं, कडेकडेने ढासळणारं, आत जायला एकच चिंचोळा पूल. वस्ती जेमतेम डझनभर माणसांची. मी हरखलो. मग पुढे वाचलं, की ही डझनभर माणसं बघायला वर्षाला लाखो लोक येतात आणि २०१३ पासून पुलावर तिकीट आहे. दुसरं मातेरा. तिथल्या गुहांतली घरं खरोखर अद्भुत. पण २०१९ साली ते युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं आणि जेम्स बाँडही तिथे गाडी घुमवून गेला. जिथे बाँड जाऊन आला, तिथे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पोचायला किती वेळ लागणार?

शेवटी गावाची निवड आत्याने केली.

ही आत्या माझ्या बायकोची. बायको वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, म्हणजे आमच्या बिल्डिंगपासून रिक्षाने दहा मिनिटं आणि संस्कृतीने दहा गावं पलीकडची. आत्याने तिला लहानाचं मोठं केलं आणि जन्मभर अंधेरीच्या बाजारात मासळी विकली. कार्ल्याची एकवीरा आणि जेजुरी सोडून ती कुठे गेलेली नव्हती. “तिला न्यायचंच,” असं बायकोने सांगितलं आणि आत्याने एकच अट घातली: “दरया पायजे. डोंगर मना नको.” ऑफबीटची कल्पना मी तिला समजावून सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “जितं कोन जात नाय, तितं आपन कशाला जायचं?” व्हिसाच्या खिडकीवर मुलीने तिला विचारलं, सोबत कोण आहे? आत्या म्हणाली, “जावय हाय. तो ऑफबीट हाय.” तरीही व्हिसा मिळाला.

दरया हवा आणि गर्दी नको, या दोन अटींत बसणारं गाव नकाशावर सापडलं ते किओज्जा. व्हेनिस ज्या खाजणात उभं आहे त्याच खाजणाच्या दक्षिण टोकाला. तिथेही कालवे, तिथेही पूल, पण राजवाड्यांच्या जागी कोळ्यांची घरं. जाणकार त्याला छोटं व्हेनिस म्हणतात. हे किओज्जात म्हणू नये; तिथले लोक व्हेनिसला मोठं किओज्जा समजतात.

व्हेनिस आम्ही नुसतं ओलांडलं. मे महिन्यातला शनिवार होता. मूळ शहरात राहणारी माणसं आता पन्नास हजारांच्याही खाली आलेली आणि वर्षाला येणारे पाहुणे कोटींत. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांवर गर्दीच्या ठरावीक दिवशी २०२४ पासून पाच युरोंची पट्टी बसवली आहे. ती आयत्या वेळी भरणाऱ्यांना पुढल्या वर्षापासून ती दहा झाली. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा आम्ही एका पुलावर तीन भाषांतल्या कोपरांमध्ये अडकलो होतो. “बाजारात शिराया पैसं?” ती म्हणाली. “मंग गिऱ्हाईक येनार कशाला?” गिऱ्हाईक तर येतच होतं. तिने थोडा वेळ पाहिलं आणि व्हेनिसच्या लोकांना धंदा कळतो, असा निकाल देऊन टाकला. साऱ्या व्हेनिसमध्ये तिला आवडलेली गोष्ट एवढीच.

व्हेनिसहून किओज्जाला सरळ बस आहे, तासाभराची. पण ऑफबीट माणसाला सरळ बस चालत नाही. आम्ही बोटीने लीदोला गेलो आणि अकरा नंबरची बस धरली. ही बस लीदोच्या टोकाला अख्खीच्या अख्खी बोटीवर चढते, पलीकडच्या बेटावर उतरते आणि पुढे चालू लागते. प्रवासी जागचे हलत नाहीत. मला हे अपूर्व वाटलं. आत्याला वाटलं नाही. आमच्या मढच्या बोटीवर मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं आणि एखादं टीव्ही मालिकेचं युनिट एकाच फेरीत मावतं. रस्त्याने वीसेक किलोमीटरचं वेसावे ते मढ हे अंतर आत्या लहानपणापासून पाच मिनिटांत काटत आली आहे. “बस चरली बोटीवर, त्यात काय?” ती म्हणाली. “ड्रायवर तरी उतरला का?”

पलीकडचं बेट म्हणजे पेलेस्त्रिना. अकरा किलोमीटर लांब आणि रुंदीला इतकं बेताचं, की बसच्या एका खिडकीत खाजण आणि दुसऱ्या खिडकीत समुद्र अडवणारी दगडी भिंत. ही भिंत अठराव्या शतकात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने बांधली. ४ नोव्हेंबर १९६६ च्या तुफानात ती जागोजागी फुटली आणि सारं बेट रिकामं करावं लागलं. आत्या उतरून भिंतीपाशी गेली, हात लावला, वर चढून पलीकडे पाहिलं. समुद्राशी ज्यांचं भांडण आहे ती माणसं तिला लगेच ओळखू येतात. पर्यटक म्हणाल तर आम्ही तिघंच होतो. मला जे हवं होतं ते सगळं इथे होतं: रंगीत घरं, दारात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या, चिटपाखरू नाही. दहा मिनिटांत मला काय करावं सुचेना. गर्दी नसलेल्या गावाची ही एक अडचण कुठल्याही यादीत दिलेली नसते.

तिथून पुढे पुन्हा बोट, आणि मग किओज्जा. धक्क्यावर उतरताच समोर एक उंच खांब आणि त्यावर व्हेनिसच्या राज्याचा पंखवाला सिंह. पण खांब एवढा मोठा आणि सिंह एवढासा, की व्हेनिसवाले पिढ्यान्‌पिढ्या त्याला मांजर म्हणून चिडवत आले आहेत. किओज्जाकर त्यावर चिडतही आले आहेत. १३७८ ते १३८१ या वर्षांत व्हेनिस आणि जिनोव्हा यांच्यात जे मोठं युद्ध झालं, त्यात मैदान म्हणून गाव किओज्जाचंच वापरलं गेलं. भांडण दोन शेजाऱ्यांचं आणि फुटली कौलं तिसऱ्याची. वर पुन्हा मांजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार. १३२२ सालचं धान्याचं कोठार आहे, त्याच्या मागे, कालव्याच्या काठाला, लाल कनातींखाली मासळीबाजार भरतो. आत्या वेसाव्याहून खास या दिवसासाठी आणलेलं लुगडं नेसून, डोक्यात गजरा नसल्याबद्दल इटलीला मनातल्या मनात माफ करून, आत शिरली आणि थबकली.

“पुरुष बसलेत म्हावरं इकाया!” ती दबक्या आवाजात म्हणाली. “बायका गेल्या कुटं?”

बायकाही होत्या, पण गल्ल्यावरच्या बऱ्याच माणसांना मिश्या होत्या, हे खरं. वेसाव्यात पुरुष समुद्र सांभाळतो आणि बाई जमीन. पकडणारा तो, विकणारी ती, आणि पैसे कुणाकडे असतात हे विचारायचं नसतं. रबरी बूट घालून बांगडा साफ करणारा बाप्या पाहून आत्याला त्याच्या घरी काही अघटित घडलंय की काय, अशी काळजी लागली.

दुसरा धक्का भावाचा. प्रत्येक ढिगावर पाटी. तिच्यावर माशाचं नाव, शास्त्रीय नाव, कुठल्या समुद्रात धरला त्याचा आकडा, कुठल्या जाळ्याने धरला ते, आणि किलोचा भाव. युरोपियन युनियनचा तसा कायदाच आहे. मी वाचून दाखवत गेलो. “म्हावऱ्याचा आधार कार्ड!” आत्या म्हणाली. मग तिने सार्डिनच्या ढिगाकडे बोट करून शुद्ध वेसावकरी आवाज लावला: “केवऱ्याला?”

गल्ल्यावरच्या गृहस्थाने पाटीकडे बोट केलं. आत्याने दोन बोटं दाखवून भाव पाडला. त्याने पाटीकडे बोट केलं. तिने कल्ला उचलून आतली लाली तपासली. तो “नो, नो” म्हणेपर्यंत तपासून झालीही. तिने तोंड वाकडं केलं. त्याने पाटीकडे बोट केलं. तेव्हा आत्याने शेवटचं अस्त्र काढलं. पाठ फिरवली आणि चालू लागली. या अस्त्राचा नियम असा, की चौथ्या पावलाला मागून हाक येते. ही हाक आत्याने जन्मभर दिलेली आहे. ती कधी द्यायची आणि किती अनिच्छेने द्यायची, हे तिच्याइतकं कुणाला कळतं? चार पावलं झाली. सहा झाली. पुढच्या गल्ल्याशी जाऊन ती त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. हाक आली नाही. आमच्या आत्याला आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मागे वळावं लागलं. लिहिलेल्या भावाने, लिहिलेल्या वजनाने तिने सार्डिन घेतले आणि मग पिशवी पुढे धरून तशीच उभी राहिली. गृहस्थ गोंधळला. “वर?” आत्या म्हणाली. “वर काय?” भाषा कळली नाही, पण धरलेली पिशवी कुठल्याही समुद्राकाठी कळते. त्याने हसून आणखी तीन सार्डिन टाकले आणि एक पार्सलीची जुडी. आत्याने जुडी हुंगली. “कोथमिरीला वास नाय,” ती मला म्हणाली, “पन पोरगा चांगला हाय.”

किओज्जाच्या कोळणींचा दरारा जुना आहे. नाटककार कार्लो गोल्दोनी तरुणपणी इथल्या फौजदारी कचेरीत कारकुनी करत होता. त्या शिदोरीवर त्याने १७६२ साली ‘ले बारुफ्फे किओद्झोत्ते’, म्हणजे किओज्जाची भांडणं, हे नाटक रंगभूमीवर आणलं. पुरुष समुद्रावर गेलेले, बायका दारात बसून लेस विणताहेत, एक होडीवाला त्यातल्या एकीला भाजलेल्या भोपळ्याची फोड घेऊन देतो, आणि तेवढ्यावरून अख्खी आळी पेटते ती कचेरीपर्यंत जाते. मी ही गोष्ट आत्याला रंगवून सांगितली. तिला विनोद कळला नाही. “दुसरीला नाय दिली ना फोड?” तिने विचारलं. “मंग भांडनार नाय तर काय?”

आणि मग आम्हाला चिंबोरी भेटली. निळ्या नांग्यांचा हा खेकडा मूळचा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. २०२३ साली पो नदीच्या मुखापाशी आणि या खाजणात त्याचं बेसुमार पीक आलं आणि त्याने शिंपल्यांची शेतंच्या शेतं फस्त केली. याच पट्ट्यातल्या शिंपल्यांवर इटलीतल्या घराघरांतला स्पगेटी शिजतो, त्यामुळे देश हादरला. सरकारने खेकडे धरून नष्ट करण्यासाठी २९ लाख युरो मंजूर केले. आत्याने मला हे वाक्य परत म्हणायला लावलं.

“चिंबोरी टाकून द्याया सरकार पैसं देतंय?”

“हो.”

“आनि यांना खायाला येत नाय?”

तसंही नव्हतं. आपल्या खाजणातला गावठी खेकडा ऐन कात टाकल्यावर मऊ असताना धरून, तळून, सोन्याच्या भावाने खाण्यात ही मंडळी तरबेज आहेत. परक्याशी सोयरीक व्हायला जरा वेळ लागतो, एवढंच. आता निळा खेकडाही बाजारात असतो. आत्याने सहा निवडल्या, उलट्या करून, पोट दाबून. या वेळी “नो, नो” कुणी म्हटलं नाही. उलट शेजारच्या गल्ल्यावरचे दोघे बघायला आले.

कोळी मसाला आत्याच्या बॅगेत पासपोर्टच्याही वर होता. नारळ आणि हिरव्या मिरच्या आम्ही येतानाच मेस्त्रेच्या एका बांगलादेशी वाण्याकडून उचललेल्या; त्याने आत्याशी हिंदीत गप्पा मारून चार मिरच्या वर घातल्या होत्या. आमच्या भाड्याच्या घरात कालवण उकळायला लागलं तसा गल्लीवर लटकलेल्या धुण्याला वास लागला आणि वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई खाली उतरल्या. चेहरा तक्रारीचा होता. आत्याने काही न बोलता वाटी पुढे केली. बाईंनी एक घोट घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, वर गेल्या आणि पांढऱ्या मक्याचा शिजवलेला पोलेंता घेऊन परत आल्या. मग दोघी तासभर आपापल्या भाषेत बोलल्या. ऑगस्टात इथे ट्रॉलर बंद असतात आणि आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै, एवढं मी मध्ये घुसून सांगितलं. दोघींनीही लक्ष दिलं नाही.

निघताना बाईंनी मला विचारलं, मुंबईच्या बाजूला एखादं शांत, टुरिस्ट न जाणारं गाव आहे का? मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. म्हटलं, आहे ना. वेसाव्याहून बोटीने मढ, तिथून एरंगळ. समुद्राला लागून १५७५ सालचं चर्च आहे, संत बोनाव्हेंतुराचं. बाई चमकल्या. बोनाव्हेंतुरा तर त्यांचाच, बान्योरेज्जोचा! ज्या गावाला गर्दी म्हणून मी फुली मारली, तिथला संत साडेचारशे वर्षं आमच्या खाडीपलीकडे निवांत बसलाय, हे मलाही त्या क्षणीच ध्यानात आलं. मी त्या एकांताचं वर्णन सुरू करणार, तेवढ्यात आत्याने मला बाजूला सारलं.

“जानेवारीत ये,” तिने बाईंना हातवाऱ्यांनी सांगितलं. “दुसऱ्या रविवारी. एरंगळची जत्रा. पाय ठेवाया जागा नसते!” आणि दोन्ही हात पसरून, छाती भरून, तिने ती गर्दी दाखवली.

आम्ही मासेमारीची बंदी लागायच्या आत परतलो. सोसायटीत “पिसा नाही केलं?” एवढंच विचारलं गेलं. ऑगस्टात होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि आत्याने मला कोळीवाड्यात बोलावून घेतलं. तिच्या भावजयीच्या टोपलीवर लावायला पाटी लिहून हवी होती, किओज्जासारखी. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: बोंबील. समुद्र अरबी. जाळं डोल. खाली भाव. पहिलं गिऱ्हाईक आलं ते नेमकं आमच्याच सोसायटीतलं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, मान डोलावली.

“छान केलंत हो हे,” त्या म्हणाल्या. “आता द्यायचा भाव सांगा.”

आत्याने पाटी उलटी घातली, तिच्यावर कोयता ठेवला आणि लिहिला होता त्याच्या दीडपट भाव सांगितला.