सीझनवाले अण्णा

आमच्या दौंडात परदेशी जाऊन आलेली माणसं आता गल्लोगल्ली सापडतात. कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची लेक न्यू जर्सीत. पण परदेशावर अधिकारवाणीनं बोलतात ते एकटे अण्णा. आणि अण्णा अजून गेलेले नाहीत. जाणार आहेत. सीझन बसत नाही, एवढंच.

अण्णा मालगाडीचे गार्ड म्हणून रेल्वेतून निवृत्त झाले. हिरवा झेंडा स्वतःच्याच हातात असला तरी सिग्नल पडल्याशिवाय हलायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. रेल्वेच्या पासावर रामेश्वरपासून जम्मूपर्यंत देश पाहून झाला, तेव्हा सीझन कधी आड आला नाही. पासाची मुदत संपायच्या आत निघायचं, बस्स. परदेशाला पास चालत नाही. पैसे पदरचे जाणार, म्हणून तिथलं ऊन, वारा, फुलं, बर्फ, सगळं कसं ऐन बहरात पाहिजे.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्यांनी पेन्सिलीनं जग भरून ठेवलंय. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, तोक्योत चेरीचा फुलोरा. फार तर दहा-बारा दिवस टिकतो. पण मार्चएण्डला पतसंस्थेचे हिशोब असतात आणि अण्णा संचालक. नेदरलँड्सची क्युकेनहॉफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी, ट्युलिप पाहायचं तर एप्रिल गाठायला हवा. एप्रिलात लग्नं. अण्णा वाढप्यांवर देखरेख करतात. ते नसले की मठ्ठा पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मेमध्ये स्वित्झर्लंड उत्तम. दौंड बेचाळीस अंशांवर तापलेलं असताना माणूस युंगफ्राउयोखला 3454 मीटरवर बर्फात उभा राहू शकतो. पण मेमध्ये अर्धं पुणं तिकडंच असतं. "एवढे पैसे घालून पुणेकरच बघायचे," अण्णा म्हणतात, "तर आपला पाटसचा टोलनाका काय वाईट आहे?"

जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. टूरवाला पोरगा हे मोठ्या कौतुकानं सांगत होता. अण्णांनी विचारलं, "मग जेवायचं उजेडात? आणि झोपायचं कधी?" खरं कारण वेगळं आहे. आषाढी जवळ आली की तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यात शिरते, यवतला मुक्काम, मग वरवंडला. यवतची पिठलं-भाकरी सोडून आयफेल टॉवरखाली पाव खात बसणं अण्णांना जमणार नाही. या एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा आहे.

मग दसरा-दिवाळीनंतर जावं की! नोव्हेंबर ते मार्च दुबईची हवा सुखाची. पण गावाकडं अण्णांचा दोन एकर ऊस उभा असतो आणि नेमका तेव्हाच गळीत हंगाम. तोडणीची टोळी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. साखर कारखान्याचा चिटबॉय म्हणतो, गुरुवारी. कुठला गुरुवार, ते म्हणत नाही. मुकादमाला फोन लावावा तर तो दुसऱ्याच्या फडात. अशात मालक बुर्ज खलिफावर चढलेला आणि इकडं टोळी शेजाऱ्याच्या उसाला लागलेली, या कल्पनेनंच अण्णांना घाम फुटतो. ऊस गेला की बिलाची वाट. कायद्यानं ते चौदा दिवसांत मिळायला हवं. अण्णा पंधराव्या दिवसापासून बँकेत पासबुक भरून आणतात. बिल जमा होतं तोवर मार्चएण्ड आलेला असतो.

ऑस्ट्रेलियावर त्यांचा विश्वास नाही. जिथं डिसेंबरात उन्हाळा, तिथं बाकी काय काय उलटं असेल! मग टूरवाल्या पोरानं शेवटचा पत्ता टाकला. "अण्णा, सिंगापूर. विषुववृत्ताला चिकटून आहे. बारा महिने तेच ऊन, तोच पाऊस. सीझनची भानगडच नाही, कधीही निघा." अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निकाल आला: "ज्या देशाला सीझनच नाही, तिथं बघायचं काय?"

पूर्वी पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं दौंडात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी पाठमोरी निघायची. आता कॉर्ड लाईन झाली, बऱ्याच गाड्या परस्पर जातात. अण्णांच्या बेतांना मात्र अजून कॉर्ड लाईन नाही.

एकदा केडगावचे एक मास्तर त्यांना भिडले. "अण्णा, आमच्या केडगावात ज्यांचं मुक्ती मिशन आहे, त्या पंडिता रमाबाई 1883 साली विलायतेला गेल्या. 1886 च्या फेब्रुवारीत अटलांटिक ओलांडून अमेरिकेला निघाल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. बोटीनं, लहान मुलगी बरोबर घेऊन. त्यांनी कुठं सीझन पाहिला?"

"फेब्रुवारीत अटलांटिक?" अण्णा कळवळले. "मग किती दिवस राहिल्या तिकडं?"

"अडीच वर्षांच्या वर."

"बघा! चुकीच्या सीझनला गेलं की असं अडकून पडायला होतं."

त्या अडीच वर्षांत रमाबाईंनी देशभर व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला आणि परतल्यावर अमेरिकेवर मराठीत एक पुस्तकही लिहिलं, हे सांगायला मास्तरांना वेळच मिळाला नाही. अण्णा तोवर अटलांटिकच्या वादळांवर घसरले होते.

त्यांचा पहिला पासपोर्ट दहा वर्षांनी कोराकरकरीत संपला. शेवटचे सहा महिने तर तो असून नसल्यासारखाच होता, कारण पुष्कळ देशांना सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. ही माहितीही गावाला अण्णांनीच दिली. दुसरा चालू आहे. काकूंचा पासपोर्ट मात्र कोरा नाही. त्या गेल्या पितृपक्षात भिशीच्या बायकांबरोबर थायलंडला जाऊन आल्या. तेव्हा तिकडं पावसाळा, इकडं पितरांचे दिवस, म्हणून टूर स्वस्त. नवमीचं सासूबाईंचं पान वाढून त्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. परत आल्यावर अण्णांनी ओट्यावरच गाठलं, "पाऊस होता ना?"

"होता," काकू म्हणाल्या. "छत्री होती." आणि बॅगेतले ओले कपडे वाळत घालायला गेल्या.

अण्णांची चेष्टा करणारे आम्ही सगळे वेळ आली की त्यांच्याकडंच जातो, हेही सांगायला हवं. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडी हवा, मसाई माराची जनावरं पाहायची तर जुलै ते ऑक्टोबर, हे त्यांना तोंडपाठ आहे आणि त्यांचं सांगणं सहसा चुकत नाही. तेव्हा तुम्हालाही कुठं जायचं असेल तर अण्णांचा सल्ला जरूर घ्या. फक्त आधी तिकीट काढा, ते परत करता येणार नाही असंच काढा, आणि मग त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा.