आधी पाणी काढा

"अहो, जरा कमोड बघा," ही पलंगावरून म्हणाली. मी जाऊन बघितला आणि परत येऊन सांगितलं, "आहे जागेवर."

हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. तेवढ्या काळात मी चहा करायला शिकलो, कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकलो, आणि या दोन्ही गोष्टी फोन करून मुलीला, बहिणीला नि दोन जुन्या सहकाऱ्यांना कळवल्या. कमोडबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आता चष्मा लावून वाकलो तेव्हा पाण्याच्या रेषेवर कडं दिसलं. तपकिरी, कडेला पिवळसर, खरखरीत. काठाखालून तीन ओघळ येऊन त्याला मिळालेले. मी ब्रश फिरवला. कडं होतं तसंच राहिलं, ब्रशचे मात्र केस गळले.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. तेहतीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि 'पाण्याची कठीणता' हा माझा हातखंडा धडा. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्या विषयातलं काम सांगत होतं. मी पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि हिला समजावून सांगितलं. धायरीत आपल्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी पाहुण्यासारखं येतं, बाकी सगळा कारभार बोअर आणि टँकरवर. काळ्या कातळातून झिरपताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं सोबत घेतं. भांड्यात ते उभं राहतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कडेचं पाणी वाळतं, आणि विरघळलेलं बायकार्बोनेट न विरघळणारं कार्बोनेट होऊन चिकटून बसतं. पाण्यात लोह असेल तर त्याला तपकिरी रंग चढतो. या थरात माणसाचाही वाटा असतो, पण जेवताना मासिक वाचणारे वाचक आहेत, म्हणून तो भाग गाळतो. हिला तोही सांगितला होता.

"आय.एस. १०५०० या मानकाप्रमाणे प्यायच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी," मी रंगात आलो. "दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपलं ५०० धर. सहा लिटरचा एक फ्लश म्हणजे तीन ग्रॅम. दिवसाला दहा फ्लश, तर वर्षाला जवळजवळ अकरा किलो! अकरा किलो चुनखडी जाते आपल्या कमोडमधून!"

"जाते ना?" ही म्हणाली. "मग राहिलीय तेवढी काढा."

आता विषय निघालाच आहे तर टायट्रेशनबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पाण्याची कठीणता मोजायचा प्रयोग ज्याने केला नाही त्याने आयुष्यात थरार अनुभवला नाही, असं माझं मत आहे. ब्युरेटमध्ये ई.डी.टी.ए. भरायचं. खाली फ्लास्कमध्ये विहिरीचं पाणी. त्यात अमोनियाचं बफर, ज्याच्या वासाने पोरांचे डोळे असे भरून येत की बाहेरून बघणाऱ्याला माझं शिकवणं हृदयस्पर्शी वाटावं. मग चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी. पुस्तकात लिहिलेलं असे, रंग 'वाईन रेड' होतो आणि शेवटी निळा. आमच्या पोरांनी वाईन पाहिलेली नव्हती, निदान प्राचार्यांसमोर तरी नव्हती. मी सांगे, कोकमाच्या सरबतासारखा. ते दुष्काळी भागातल्या पोरांना कळेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, बीट किसल्यावर हाताला लागतो तसा." तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या लॅबमध्ये वाईनच्या जागी बीट होतं.

आणि तो शेवटचा थेंब! थेंब थेंब सोडत जायचं, फ्लास्क हलवत राहायचं. बीट, बीट, बीट, जरा जांभळट, श्वास धरायचा, अर्धा थेंब, आणि निळं! आधीच्या थेंबाला काहीच नाही आणि पुढच्याला सगळं. 'सरांचा एंड पॉइंट' ही आमच्या कॉलेजात म्हणच झाली होती. बाहेरचे परीक्षकही शंका आली की फ्लास्क माझ्यापुढे धरत आणि मी नुसत्या नजरेने निवाडा देई. पोरं तीनही रीडिंग १२.३ लिहून आणत, मग मी गरजायचो, "निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो!" माझ्या स्वतःच्या एम.एस्सी.च्या जर्नलमधली रीडिंग कशी आली होती ते सांगत नाही, कारण पदवी अजून माझ्याकडे आहे.

तर, कमोड.

वाण्याकडून पन्नास ग्रॅम लिंबूफूल आणलं, म्हणजे आपलं सायट्रिक ॲसिड. भांड्यात ओतलं, शेजारी स्टूल ठेवलं आणि घड्याळ लावून बसलो. कार्बोनेटवर आम्ल पडलं की बुडबुडे येतात, हे आठवीतलं पोरही सांगेल. बुडबुडे आले नाहीत. तासाभराने हिने आतून विचारलं, "बरं आहे ना पोट?" मी म्हटलं, "अभिक्रिया मंद आहे." सकाळीही ती मंदच होती.

मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी खरं ॲसिड मागितलं. दुकानदाराने वही पुढे केली. नाव, पत्ता, ओळखपत्र, कारण. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या विक्रीवर ही बंधनं घातली, आणि ती कशामुळे घालावी लागली हे आठवलं की त्यावर विनोद करवत नाही. पण त्या क्षणी माझा अहंकार दुखावला. "मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो," मी म्हणालो. "हो का? आधार दाखवा," तो म्हणाला. कारणाच्या रकान्यात मी 'प्रयोग' लिहिणार होतो, त्याने 'संडास' लिहिलं.

घरी आलो, खिडकी उघडली, हातमोजे घातले, सराईतासारखी बाटली कलंडवली. पोराबाळांना शिकवताना हात कधी कापला नाही, तो इथे कापला. चार थेंब बाथरूमच्या संगमरवरी उंबरठ्यावर पडले आणि काय सांगू, फस्सकन फेस आला! शुभ्र, जिवंत, अखंड बुडबुडे. इतकी देखणी अभिक्रिया मी लॅबमध्येसुद्धा क्वचितच पाहिली असेल. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे सिद्धांताला जराही बाध आला नाही. उंबरठ्याची चकाकी गेली. भांड्यात बाटलीभर ओतलं, तिथे कडं किंचित फिकटलं आणि पुन्हा निवांत बसलं.

वासाने ही वॉकर टेकत दारापर्यंत आली. उंबरठा बघितला, मला बघितलं, भांड्यात बघितलं.

"आधी पाणी काढलंत का?"

"कुठलं पाणी?"

"भांड्यातलं. इतकं पाणी असताना वरून औषध ओतलं तर ते पातळ नाही का होणार?"

एन-वन व्ही-वन बरोबर एन-टू व्ही-टू. द्रावणात पाणी वाढलं की तीव्रता त्याच प्रमाणात घटते. हे सूत्र मी किती पोरांकडून पाठ करून घेतलं असेल याची गणती नाही. एकाला तर ते येईना म्हणून वर्षभर पहिल्या बाकावर बसवलं होतं. तो आता कुठेतरी चांगल्या हुद्द्यावर आहे आणि मी कमोडसमोर हातमोजे घालून उभा होतो.

"कॉक बंद करायचा," ही सांगू लागली. "टाकी रिकामी करायची. ब्रशने दाबून पाणी आतल्या वळणात ढकलायचं, उरलेलं त्या फुटक्या मगाने काढायचं. मग औषध. आणि ते खाली ओघळतं, कड्यावर थांबत नाही, म्हणून चिंध्या भिजवून कड्यावर लावून ठेवायच्या. रात्रभर."

गेलेली पत थोडी तरी परत मिळावी म्हणून मी म्हटलं, "ठीक. पण एक कायम लक्षात ठेव. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही. क्लोरीन वायू होतो. १९१५ साली ईप्रच्या लढाईत जर्मनांनी हाच वायू..."

"म्हणून तर एक बाटली मोरीत असते नि दुसरी गॅलरीतल्या कपाटात," ही म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, मोरीत जागा नव्हती?"

मला तसंच वाटलं होतं.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, संडास करणार नाही. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं. जे काम मी जन्मात केलं नाही ते त्यांनीही नको म्हणावं, याचा मला राग आला होता. आणि दर २ ऑक्टोबरला कॉलेजात श्रमदानाआधी भाषण माझं असे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचं काम मागून घेतलं, ते खालच्या मानलेल्या जातींनीच करायचं म्हणून त्यांना नाकारलं गेलं, आणि अप्पासाहेबांच्या मागणीसाठी येरवड्यात गांधीजींनी उपास सुरू केला. ही गोष्ट सांगताना माझा आवाज दरवर्षी ठरल्या वाक्याला दाटून येई. मग नव्याकोऱ्या झाडूने मी ग्रंथालयासमोरची पानं गोळा करी आणि फोटो निघे. त्याच सुट्टीच्या दिवशी, वर्षानुवर्षं, ही पोस्टातल्या नोकरीतून मिळालेल्या मोकळ्या सकाळी साडी खोचून संडास घासत असे. मी घरी येऊन हात धुऊन आमटी-भात खात असे आणि भाषण कसं झालं ते सांगत असे. ती ऐकून घेई. ते दोन-तीन वाक्यांत संपत नसे.

हे मला त्या दिवशी पाणी काढताना आठवलं. फुटक्या मगाने पाणी काढायला वेळ लागतो, त्यामुळे बरंच आठवतं.

चिंध्यांसाठी हिने माझं जुनं बनियन फाडायला सांगितलं. मी जरा कुरकुरलो, ते अजून चांगलं होतं. "भोकं मोजा," ही म्हणाली. लिंबूफुलाचं घट्ट पाणी केलं, कारण ॲसिडची बाटली तिने घरातच राहू दिली नाही. हार्डवेअरवाल्याने ती परत घेतली, रिकामी आहे असं बघून. बनियनच्या पट्ट्या भिजवून कड्यावर गोलाकार थापल्या. वर मान करून बघतो तर ही दारात स्टुलावर बसलेली, पाय लांब करून, परीक्षकासारखी. पहिली पट्टी नीट बसताच बारीक बुडबुडे आले. आवाजसुद्धा आला, अगदी हलका, कान लावला तर ऐकू येणारा. मी कान लावला होता.

सकाळी पट्ट्या काढल्या तर कडं पापुद्र्यासारखं सुटलं. दुसऱ्या रात्री ओघळ गेले. फक्त डाव्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढा एक करडा डाग हटेना. त्याला स्वतंत्र पट्टी लावली. मग पाय घासायचा प्युमिसचा दगड चांगला भिजवून हलक्या हाताने घासला. चकाकीपेक्षा हा दगड मऊ असतो, ओला असला तर ओरखडे पडत नाहीत, हे हिला सांगून मगच घासला. दोन दिवस घासला. डाग हलेना. माझं असं ठरत आलं की हा सिलिकेटचा थर असावा, आम्लाला दाद न देणारा, आणि त्यावर वेगळा विचार करावा लागेल. कागद-पेन्सिल घेऊन मी हिच्यासमोर बसलो आणि डागाची जागा काढून दाखवली.

"तो डाग नाहीये," ही म्हणाली. "भांडं बसवताना गवंड्याच्या हातून तिथली चकाकी उडालीय. आपण राहायला आलो तेव्हापासून आहे तो."

आम्ही राहायला आलो त्याला येत्या जूनमध्ये एकोणीस वर्षं होतील.